'लीव्ह टू डिफेंड'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

भावाच्या दुकानाच्या गाळ्याचं भाडं थकलं म्हणून मालकाने समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा दिवाणी दावा, लावला आहे. वकिलांनी 'लीव्ह टू डिफेंड'चा अर्ज इंग्रजीत केलाय. भावाला सही करण्याआधी तो नीट कळावा म्हणून मी मराठीत उतरवतेय. मोबाइलवरच्या भाषांतराने 'बचाव करण्यासाठी रजा' असं दिलं! काय लिहू?

उत्तर १

ताई, इथे 'रजा' नकोच, पण या शब्दावर अन्याय नको. रजा मूळ अरबी 'रिझा'वरून आली, अर्थ संमती. 'रजामंदी'त तो अजून जिवंत आहे. जाण्याची संमती, मग कामावर न येण्याची संमती, असं करत मराठीत ती सुट्टी झाली. इंग्रजी 'लीव्ह'चंही तसंच. 'लीव्ह अँड लायसन्स' आपण रोज म्हणतो, त्यातला 'लीव्ह' हाच, परवानगीचा. मी 'बचावाची परवानगी' लिहीन.

उत्तर २

वकिली करतो म्हणून लिहितो. शब्द बरोबर आहे, पण परवानगी कशासाठी, हे भावाला कळायला हवं. साध्या दाव्यात समन्स आलं की प्रतिवादी थेट कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, देतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या आदेश 37 खालच्या दाव्यात तसं चालत नाही. समन्स मिळाल्यापासून 10 दिवसांत हजर व्हायचं. मग वादी 'समन्स फॉर जजमेंट', म्हणजे निकाल मागणारं समन्स, बजावतो, त्यानंतर 10 दिवसांत शपथपत्रासह परवानगी मागायची. मागितलीच नाही, तर वादीला लगेच हुकूमनामा, म्हणजे त्याच्या बाजूने कोर्टाचा निकाल, मिळू शकतो. उशिराला सबळ कारण असेल तर कोर्ट तो माफ करू शकतं, पण त्या भरवशावर राहू नका.

आणि 'समरी'ला 'सारांश दावा' लिहू नका. 'संक्षिप्त दावा' म्हणा. इथे दाव्याचा गोषवारा नसतो, लांबलचक सुनावणी टळते. यात फक्त पैशांची मागणी बसते, गाळा खाली करून मागण्याची नाही.

उत्तर ३

मला 'प्रतिवाद' जवळचा वाटतो. 'बचाव' म्हटलं की फौजदारी खटल्यातला आरोपी डोळ्यांसमोर येतो. भाडं थकलेला माणूस आरोपी नाही. 'परवानगी'ऐवजी 'अनुज्ञा' मात्र नको. कायद्याच्या पुस्तकात शोभते, गाळ्यावर बसलेल्या माणसाला परकी वाटते.

प्रश्नकर्ती

आरोपीचं पटलं. भावाने कागद पाहिल्यावर पहिलं तेच विचारलं होतं, "मी गुन्हा केलाय का?" म्हणून 'संक्षिप्त दाव्यात प्रतिवाद करण्याची परवानगी मिळणेबाबत अर्ज' असं लिहिते. अजून एक. मालक सहा महिन्यांचं भाडं मागतोय. भाऊ म्हणतो, दोनच महिन्यांचं बाकी आहे, चार महिन्यांचं अनामत रकमेतून वळतं करायचं ठरलं होतं. शपथपत्रात 'दोन महिन्यांची बाकी मान्य' असं लिहिलंय. 'मान्य' की 'कबूल'?

उत्तर २

दोन्ही चालतील, पण त्या शब्दाचं वजन भावाला आधी सांगा. जेवढी रक्कम देणं असल्याचं प्रतिवादी कबूल करतो, तेवढी कोर्टात भरल्याशिवाय परवानगी मिळत नाही, असं आदेश 37 मध्येच आहे. उरलेल्या चार महिन्यांसाठी अनामत वळती करण्याचं बोलणं कधी झालं, कशावरून, हे तपशिलाने लिहा. संदेश, पावती, जे असेल ते जोडा. नुसतं 'दावा अमान्य' पुरत नाही, बचावात काही तथ्य आहे असं कोर्टाला दिसावं लागतं. मी 'कबूल'च ठेवीन. भावाला तो एका वाचनात कळेल.