‘टुमारो’ आधी की नंतर?

प्रश्न असा आला : “मी मेलमध्ये लिहिलं, ‘टुमारो आय विल सेंड द रिपोर्ट.’ साहेबांनी तो मेल वर पाठवताना वाक्य बदलून ‘आय विल सेंड द रिपोर्ट टुमारो’ केलं. माझं काय चुकलं? अर्थ तर एकच आहे ना?”

चुकलं काहीच नाही. परीक्षेत दोन्ही वाक्यांना पूर्ण मार्क पडतील. पण ही दोन वाक्यं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. ‘रिपोर्ट कधी पाठवताय?’ या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देताना ‘टुमारो’ शेवटी येतो. ‘उद्या काय काय करणार आहात?’ असं विचारलं असेल, तर तोच ‘टुमारो’ सुरुवातीला शोभतो. रिपोर्ट जाणार हे वरच्या लोकांना ठाऊकच होतं, ते अडून बसले होते तारखेसाठी. तुम्ही तारीख आधीच सांगून मोकळे झालात आणि वाक्य संपवलंत ते सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीवर.

असं का होतं, ते आपल्या मराठीत शोधायला हवं. ही तीन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा :

काल मी डॉक्टरांकडे गेले होते.
मी डॉक्टरांकडे काल गेले होते.
मी डॉक्टरांकडे गेले होते काल.

पहिलं साधं निवेदन. दुसऱ्यात ‘काल’ क्रियापदाला चिकटून बसलाय, म्हणजे आज नव्हे, परवा नव्हे, काल. तिसऱ्यात ‘काल’ मागून आठवल्यासारखा जोडलाय, त्यावर जोर नाहीच. मराठीत जोराची जागा क्रियापदाच्या अगदी अलीकडची, आणि वेळ सांगणाऱ्या शब्दाचं नेहमीचं घर वाक्याच्या तोंडाशी. इंग्रजीत त्याचं नेहमीचं घर वाक्याच्या शेपटाशी. म्हणून ‘आय वेंट टु द डॉक्टर यस्टरडे’ हे तिकडचं साधं निवेदन. बोलताना ‘यस्टरडे’वर आवाज चढवला तर ते आपलं दुसरं वाक्य होतं, न चढवला तर पहिलं. कागदावर आवाज नसतो, तिथे आधी काय विचारलं होतं त्यावरून वाचणारा ठरवतो. घोळ होतो तो हा, की मराठीत विचार करून इंग्रजी लिहिताना आपला साधा ‘काल’ आपसूक तोंडाशी जातो, आणि इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं की हा मुद्दाम तिथे ठेवलाय, आता ‘काल असं, आज तसं’ अशी काहीतरी तुलना येणार.

एखाद्या वाक्यात याने बिघडत नाही. पण अख्ख्या अहवालातलं प्रत्येक वाक्य ‘ऑन मंडे’, ‘ऑन ट्यूजडे’ करत सुरू झालं, की त्याचा पंचनामा होतो.

अर्थात हीच गोष्ट कोणी जाणूनबुजून केली तर बघा. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, 8 डिसेंबर 1941 रोजी, अध्यक्ष रूझवेल्ट अमेरिकी काँग्रेससमोर उभे राहिले. भाषणाचा पहिला मुद्दाच ‘यस्टरडे’, लगेच पूर्ण तारीख, मग ‘ही तारीख कलंक म्हणून लक्षात राहील’ अशा अर्थाची पुस्ती, आणि एवढं सगळं झाल्यावर कोणी कोणावर हल्ला केला ते. मसुद्यात आधी ‘जागतिक इतिहासात राहील’ असं होतं, ते त्यांनी स्वतः बदललं. थोडं पुढे तर ‘लास्ट नाइट’ने सुरू होणारी लागोपाठ चार वाक्यं आहेत : काल रात्री हाँगकाँग, काल रात्री गुआम, काल रात्री फिलिपिन्स, काल रात्री वेक बेट. मग ‘अँड दिस मॉर्निंग’ म्हणून मिडवे. तोच ‘लास्ट नाइट’ चारही वाक्यांच्या शेवटी टाकून वाचा, नुसती यादी उरते. पुढे असल्यामुळे घड्याळाचे ठोके पडल्यासारखं ऐकू येतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल, तर 14 ऑगस्ट 1947 च्या रात्रीचं नेहरूंचं भाषण. ‘लाँग यर्स अगो’ने सुरुवात, आणि थोड्याच वेळात ‘ॲट द स्ट्रोक ऑफ द मिडनाइट अवर’. मध्यरात्र आधी येते, मग जग झोपलंय हे येतं, आणि भारत जागा होतो तो अगदी शेवटी. वेळ पुढे ठेवल्यामुळे शेवटची, जोराची जागा ‘लाइफ अँड फ्रीडम’साठी मोकळी राहिली. वेळ पुढे नेण्याचा खरा फायदा हा आहे. जोर वेळेवर पडतो म्हणतात ते अर्धंच खरं. बऱ्याचदा जोर शेवटी जे उरतं त्यावर पडतो.

यावर एकांनी शंका काढली : “म्हणजे हा सगळा ठसक्याचा मामला. अर्थ काही बदलत नाही.”

बदलतो की. हे बघा :

द क्लार्क हॅड लेफ्ट ॲट फाइव्ह.
ॲट फाइव्ह, द क्लार्क हॅड लेफ्ट.

तुम्ही पाच वाजता खिडकीशी पोचलात आणि आत कोणी नाही, तर दुसरं वाक्य तुमचं. पाचला बघितलं तेव्हा क्लार्क निघून गेलेला होता, कधी गेला देव जाणे, कदाचित साडेचारलाच. पहिल्या वाक्याचा सरळ अर्थ मात्र तो पाचच्या ठोक्याला उठला असा. वेळ पुढे आली की ती बघणाऱ्याच्या घड्याळातली होते, मागे राहिली की सहसा घटनेची. उद्या तक्रार लिहायची वेळ आली, तर क्लार्क वेळेआधी पळाला की बरोबर वेळेवर गेला, हे त्या दोन शब्दांच्या जागेवरून ठरेल. मराठीत हा फरक आपण क्रियापदावर टाकतो : ‘पाच वाजता तो निघून गेलेला होता’ आणि ‘तो पाचला निघाला होता’.

अजून एक खड्डा : ‘ही सेड ऑन मंडे ही वुड पे.’ सोमवारी म्हणाला, की सोमवारी देतो म्हणाला? वेळ दोन क्रियापदांच्या मधे सापडली की दोघंही तिला आपल्याकडे ओढतात. उसने पैसे परत मागताना हे वाक्य वापरू नका, एवढंच सांगतो.

आणि ‘नेव्हर’, ‘सेल्डम’ यांसारखे नकाराकडे झुकणारे शब्द पुढे आणले, तर क्रियापदही उठून कर्त्याच्या आधी येतं. चर्चिलचं 20 ऑगस्ट 1940 चं लढाऊ वैमानिकांबद्दलचं प्रसिद्ध वाक्य ‘नेव्हर’ने सुरू होतं आणि ‘सो फ्यू’वर संपतं, मधे ‘वॉज’ आधी नि कर्ता नंतर. ऑफिसच्या मेलमध्ये मात्र हा थाट नको, हसं होतं.

आता ‘च’बद्दल, कारण ते विचारणारे बरेच निघाले. ‘आजच पाठवतो’चं आपण ‘आय विल सेंड इट टुडे ओन्ली’ करतो. भारतात ते कळतं. बाहेरचा माणूस ‘फक्त आज पाठवीन, उद्यापासून नाही’ असं वाचू शकतो. ‘टुडे इटसेल्फ’ही आपलंच देशी बियाणं. इंग्रजीला ‘च’ नाही, त्याचं काम ती आवाजाने करते किंवा ‘इट वॉज यस्टरडे दॅट...’ अशी रचना बांधून. त्यात पुन्हा ‘ओन्ली यस्टरडे’ म्हणजे ‘अगदी परवापरवापर्यंत’ किंवा ‘कालचीच तर गोष्ट’. तो ‘ओन्ली’ आधी लागतो आणि वेगळंच काम करतो.

दोन-तीन वेळा एकत्र आल्या तर आपण मोठ्याकडून लहानाकडे जातो, ‘सोमवारी सकाळी दहा वाजता’. इंग्रजी उलटी चालते, ‘ॲट टेन ऑन मंडे मॉर्निंग’. यात जोराबिराचा संबंध नाही, नुसती सवय.

मूळ प्रश्नकर्त्यांनी शेवटी विचारलंय, “मग मी आता काय लिहू?” ‘आय विल सेंड द रिपोर्ट बाय फोर टुमारो.’ तारखेसोबत वेळही द्या, म्हणजे साहेबांना खोडायला काही उरणार नाही. आणि रिपोर्ट खरंच चारच्या आत पाठवा.