मदत हवी आहे: ८५४ धरायचे की ८९६? लेडी श्रीराम कॉलेजात लेकीचा नंबर लागेल का?

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे, राजारामपुरीत राहतो. लेकीने यंदा बारावी आर्ट्स केलं आणि सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, दिली. दिल्लीच्या लेडी श्रीराममध्ये राज्यशास्त्र ऑनर्स करायचं, हा तिचा अकरावीपासूनचा धोशा. आमच्या नात्यागोत्यात शिकायला दिल्लीला कुणीच गेलेलं नाही, म्हणून इथे विचारतेय.

परवा उत्तरसूची आली. बिंदू चौकातून दोन्ही कागद छापून आणले, तिने दिलेली उत्तरं आणि बरोबर उत्तरं. त्यात सरळ अ, ब, क, ड नसतं, प्रत्येक प्रश्नाला आणि प्रत्येक पर्यायाला लांबलचक आकडा असतो. रात्री जेवणं उरकल्यावर मी आकडे मोठ्याने वाचत गेले आणि ती हिरव्या-लाल पेनाने खुणा करत गेली. पाच पेपर, अडीचशे प्रश्न. इंग्रजी शेवटी घेतलं. तिथे लाल खुणा वाढायला लागल्या तशी ती बोलायचीच थांबली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यात इंग्रजीचा पेपर तिचा पहिलाच होता.

बरोबर उत्तराला ५, चुकलं की १ वजा, प्रत्येक पेपर २५० चा. आमचा हिशेब असा: राज्यशास्त्र २३२, भूगोल २२०, इतिहास २१६, इंग्रजी १८६, मराठी २२८.

एक भाषा आणि तीन विषय धरतात एवढं समजलंय. इंग्रजी धरलं तर हजारात ८५४ होतात, मराठी धरलं तर ८९६. दिल्लीतल्या कॉलेजात मराठीचे गुण खरंच धरतात का? क्लासवाले म्हणाले, मराठी उगाच देताय, त्याचा काही उपयोग नाही. पोरीने हट्टाने दिली.

दुसरं, आम्ही मराठा. एसईबीसीचा, म्हणजे राज्याच्या मराठा आरक्षणाचा, दाखला काढून ठेवलाय, तो चालेल का? मिस्टरांचं लक्ष्मीपुरीत छोटं दुकान आहे, उत्पन्न आठ लाखांच्या बरंच आत. कागल तालुक्यात शेती आहे, पण सातबारा अजून सासऱ्यांच्याच नावावर.

खरं सांगायचं तर मला तिला पाठवायचंय. माझं शिक्षण बारावीला थांबलं, ते जवळ कॉलेज नव्हतं म्हणून नव्हे. नुसतं धीर देण्यापुरतं लिहू नका, जे असेल ते स्पष्ट सांगा.

———

काकू, मी साताऱ्याची, दिल्ली विद्यापीठातल्याच दुसऱ्या एका मुलींच्या कॉलेजात शिकले. आधी मराठीचं सांगते. राज्यशास्त्र ऑनर्सला भाषांच्या यादीतली कुठलीही एक भाषा चालते आणि मराठी त्या यादीत आहे. बारावीला मराठी होतं ना? मग ८९६ धरा. इंग्रजीचे गुण लागतात ते इंग्रजी ऑनर्सला. तुमच्या लेकीने हट्ट केला ते फार बरं केलं.

पण हे ८९६ अजून पक्के नाहीत. पेपर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पाळ्यांत होतात, त्यामुळे निकालात नॉर्मलाइज केलेले, म्हणजे सगळ्या पाळ्या एका मापात आणून काढलेले, गुण येतात. ते वर जातील की खाली, हे आज कुणीच सांगू शकत नाही. निकाल लागला की विद्यापीठाच्या प्रवेश पोर्टलवर मागच्या वर्षीचे किमान गुण कॉलेजवार, प्रवर्गवार आणि फेरीवार बघा. २०२५ पूर्वीचे आकडे बघू नका. तेव्हा पन्नासातले चाळीस प्रश्न सोडवायचे असत, आता पन्नासही सक्तीचे आहेत.

स्पष्ट विचारलंत म्हणून सांगते, खुल्या प्रवर्गातून लेडी श्रीरामला राज्यशास्त्र मिळणं मला कठीण वाटतं. ईडब्ल्यूएसमधून, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणातून, आशा धरायला जागा आहे. एसईबीसी राज्यापुरतं आहे, केंद्रीय विद्यापीठात चालत नाही. तहसीलमधून ईडब्ल्यूएसचा दाखला केंद्राच्या नमुन्यात, चालू आर्थिक वर्षाचा काढा. त्यात कुटुंब म्हणजे मुलगी, आई-वडील आणि अठराच्या आतली भावंडं. आजोबांची जमीन त्यात येत नाही. तुमच्या स्वतःच्या नावावर पाच एकर किंवा जास्त शेती नसावी आणि घराच्या क्षेत्रफळाचीही अट आहे, तेवढं बघून घ्या. घरात कुणाची कुणबी नोंद सापडली असेल तर गोष्ट वेगळी, कुणबी केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत.

पसंतीक्रम भरताना लेडी श्रीराम वर टाका, मग मिरांडा हाउस, इंद्रप्रस्थ, गार्गी, कमला नेहरू, मैत्रेयी, दौलतराम. वरची नावं टाकल्याने खालची संधी कमी होत नाही, त्यामुळे यादी लांब ठेवा. पहिल्या फेरीत जे मिळेल ते आधी स्वीकारायचं आणि मग अपग्रेड, म्हणजे यादीतलं वरचं कॉलेज, मागायचं. न स्वीकारता वाट बघत बसलात तर प्रक्रियेतून बाहेर. माझ्या खोलीतली एक मुलगी तिसऱ्या फेरीत वर सरकली होती.

वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो आणि जागा मोजक्या, तो विसरू नका.

———

बाळ, तुझा निरोप तिला वाचून दाखवला. मराठीचं ऐकल्यावर ती उठून आत गेली आणि तो हिरव्या खुणांचा कागद परत घेऊन बसली. सोमवारी सकाळीच तहसीलला जाते. दाखला हातात पडायला साधारण किती दिवस लागतात, कुणी सांगेल का?