मदत हवी आहे: आईला परवा घरी आणायचंय, पुणे

आई ८३ वर्षांची. बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. परवा डिस्चार्ज. आम्ही सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भाऊ परदेशात, त्यामुळे सगळं माझ्यावरच.

बीपीच्या जुन्या गोळ्या चालू ठेवायच्या का विचारलं, तर हाडांचे डॉक्टर म्हणतात फिजिशियनना विचारा. ते राउंड घेऊन केव्हाच गेलेले! रक्त पातळ ठेवायचं पोटातलं इंजेक्शन घरी कोण देणार, लघवीची नळी कधी काढायची, कागदावर काहीच नाही.

पलंग, एअर बेड, कमोडची खुर्ची भाड्याने ठरवलीय. माकडहाडापाशी लाल चट्टा दिसतोय, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलतेय. रात्री ती मला ओळखत नाही, स्वतःच्या आईला हाका मारते. हे घरी गेल्यावर निवळतं का हो?

जिना चढवायला स्ट्रेचर बरं की खुर्ची? नर्सिंग ब्युरोच्या, घरी येऊन सांभाळणाऱ्या मावशी पुरतील की नर्सच हवी? आणि घरी येऊन सगळ्या औषधांवर एकदा नजर टाकणारे डॉक्टर कोणाच्या माहितीत आहेत का? नंबर कृपया मेसेजमध्ये पाठवा.