लांब पल्ल्याच्या सरावाला पोलादी प्लेट केवढी घ्यावी? मी म्हणतो, मोठी

दूरची_नजर (धागाकर्ता)

रायफलच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धांसाठी सराव करणारा माणूस निशाणाची पहिली प्लेट घेताना दोनच गोष्टी विचारतो: पोलाद कुठलं आणि जाडी किती. आकाराचं काय, तर "स्पर्धेत असते तेवढीच घे की" म्हणून विषय संपतो. मीही तेच केलं आणि एक अख्खा हंगाम घालवला, म्हणून हा धागा.

माझी पहिली प्लेट १५ सेंटिमीटरची गोल. टांगली ६०० मीटरवर. हिशोब असा की अवघड जमलं की सोपं आपोआप जमेल. एका सकाळी ४० गोळ्या झाडल्या, ११ वेळा 'ठण्ण' ऐकू आलं. उरलेल्या २९ कुठे गेल्या? मागे ओलं गवत. धूळ नाही, खूण नाही, काही नाही. डावीकडे गेली म्हणावं तर पुरावा नाही, वर गेली म्हणावं तर तोही नाही. मग मी स्कोपवर (रायफलवरच्या दुर्बिणीवर) संशय घेतला, काडतुसांवर घेतला, खांद्यावरच्या पकडीवर घेतला. नको ते सगळं बदलून पाहिलं.

पुढे एका मित्राने त्याची ६० सेंटिमीटरची चौरस प्लेट दिली. पांढरा रंग मारला, मधोमध १५ सेंटिमीटरचं नारिंगी वर्तुळ काढलं. नेम वर्तुळावरच. पुन्हा ४० गोळ्या, ३६ लागल्या. दुर्बिणीतून पाहिलं तर करडे ठिपके जवळजवळ सगळे डाव्या अर्ध्यात, उंची मात्र बरोबर. रायफल ठीक, काडतुसं ठीक. उजवीकडून येणारा वारा मी दर वेळी कमी धरत होतो, एवढंच. छोट्या प्लेटने हंगामभर जे सांगितलं नाही ते मोठीने पाऊण तासात सांगितलं.

म्हणून माझं मत: सरावाची प्लेट स्पर्धेतल्या प्लेटच्या निदान दुप्पट हवी, नेम धरायचं वर्तुळ हवं तेवढं बारीक काढा. आणि जाडीवर पैसे उधळू नका. ६०० मीटरवर पोचेपर्यंत गोळी बरीच दमलेली असते, तिथे १० मिलिमीटर पुरे. विरोध असेल तर कारणासकट लिहा, नुसतं "असहमत" नको.

ठणठणाट

असहमत. कारणासकट.

स्पर्धेत एका टप्प्याला बहुतेक वेळा ९० ते १२० सेकंद आणि आठ-दहा गोळ्या. समोरच्या प्लेटा साधारण एक ते दोन मिनिटांच्या (वेळेचं नाही, कोनाचं मिनिट: अंशाचा साठावा भाग). एक मिनिट म्हणजे १००० मीटरवर २९ सेंटिमीटर. आता वारा बघा. साडेसहा मिलिमीटरच्या नेहमीच्या स्पर्धेच्या काडतुसाला त्या अंतरावर आडव्या वाऱ्याच्या ताशी दर एक किलोमीटर वेगामागे सुमारे १० सेंटिमीटरची ढकल बसते. ३० सेंटिमीटरच्या प्लेटवर मध्याला धरलं तर दोन्ही बाजूंना १५-१५ सेंटिमीटर जागा. म्हणजे ताशी दीड किलोमीटरची चूक आणि खेळ खलास. ही भीती पोटात बसल्याशिवाय माणूस वारा ओळखायला गवताकडे, मृगजळाकडे नीट बघत नाही. मोठ्या प्लेटवर ठण्ण ठण्ण ऐकत बसलं की बघायचं सुटतं. कानाला गोड लागतं, पण गुण मिळत नाहीत.

शिवाय वजन. ६० बाय ६०, जाडी १० मिलिमीटर, म्हणजे २८ किलो. धागाकर्त्याने ती ६०० मीटर कुणाच्या खांद्यावरून नेली ते लिहायचं राहिलंय.

दूरची_नजर

दोन चाकांच्या ढकलगाडीवरून. आणि माझ्याच खांद्याने ओढली.

भीतीचं म्हणाल तर नारिंगी वर्तुळाबाहेर गेलेली गोळी मी चुकलेलीच मोजतो. ठण्ण वाजलं तरी. वहीत तसंच लिहितो.

ठणठणाट

वहीत लिहिता हो, पण मनाला ठण्णच आवडतं. घड्याळ चालू असताना वही कोण बघतं?

नेमकीच

तुम्ही दोघं प्लेटवर भांडताय, मला तर प्लेटच्या मागे काय आहे ते आधी बघावंसं वाटतं. आमच्याकडे मागे मातीचा उंच बांध आहे. कोरड्या दिवसांत गोळी चुकली की धुळीचा लोट उठतो. कुठे आणि किती हुकली ते स्कोपमधल्या रेघांवर सरळ मोजून पुढची गोळी टाकता येते. अशा वेळी २५-३० सेंटिमीटरची प्लेट मस्त, कारण अख्खा बांधच तुमची मोठी प्लेट असतो. त्याच बांधावर पाऊस पडून गवत उगवलं की गोळी गिळल्यासारखी गायब होते. तेव्हा मीही मोठी प्लेट काढते. एकच जागा, एकच रायफल, ऋतू बदलला की उत्तर बदललं.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. ३०० मीटरवर गोळी अर्ध्या सेकंदाच्या आत पोचते. तोवर रायफल धक्क्यातून सावरलेली नसते, त्यामुळे आपला मार आपल्यालाच दिसत नाही. १००० मीटरवर उलट. गोळीला दीड सेकंदाहून जास्त लागतो, आवाजाला परत यायला आणखी जवळजवळ तीन. चाप दाबल्यापासून कानात ठण्ण येईपर्यंत साडेचार सेकंद. तेवढ्यात डोळा स्कोपमध्ये परत येतो, प्लेट हललेली दिसते, आणि आवाज मागाहून वराती मागून घोडं आल्यासारखा येतो. त्यामुळे कानावर अवलंबून सराव करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. वारा आपल्याकडून प्लेटकडे असला की तो आवाज पुष्कळदा येतही नाही.

भट्टीवाला

आकाराचं तुम्ही बघून घ्या. मी पत्रा कापणारा माणूस, त्यामुळे जाडी आणि पोलादावर बोलतो. धागाकर्त्याने ते दोन ओळींत उडवून लावलं, तेवढं सोपं नाही.

एआर ५०० हे मुळात नेमबाजांसाठी बनलेलं नाही. डंपरची हौदी, खोदयंत्राचं बकेट असल्या घासल्या जाणाऱ्या ठिकाणांसाठीचं ते झीजरोधक पोलाद. ५०० हा ब्रिनेल कठीणपणाचा अंदाजे आकडा. साधं मऊ पोलाद १२०-१३०च्या आसपास असतं. फरक दिसायला साधा पण महत्त्वाचा आहे: कठीण सपाट पृष्ठभागावर गोळी आपटली की शिसं आणि तांबं फुटून प्लेटच्या पृष्ठभागालगत चहूबाजूंना पसरतं, दगडावर चिखलाचा गोळा मारल्यावर पसरतो तसं. मऊ पोलादात मात्र खड्डा पडतो. मग पुढची गोळी त्या खड्ड्यात शिरली की तिचे तुकडे खड्ड्याच्या कडेवरून वळून तुमच्याच दिशेला येतात. "फार लांब आहे, चालतं मऊ पोलाद" म्हणणाऱ्यांनी ती प्लेट पुढे कुणी १०० मीटरवर टांगणार नाही याची हमी द्यावी.

माझ्याकडे एकदा एक प्लेट दुरुस्तीला आली होती. हौसेने वरच्या कडेला कडी वेल्ड केलेली. अंगावर बोट फिरवलं तर प्लेटचा बाकी भाग गुळगुळीत, फक्त रंगाचे ठिपके. वेल्डच्या भोवती मात्र दोन बोटं रुंद पट्ट्यात देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. उष्णतेने तेवढाच भाग मऊ पडलेला. असल्या प्लेटला दुरुस्ती नसते, मी परत पाठवली. कापण्याचंही तसंच. गॅसने किंवा प्लाझ्माने कापलं की कडेचा पट्टा मऊ होतो, लेझरने फार कमी, पाण्याच्या झोताने कापलं तर जवळजवळ नाहीच. म्हणून भोकं पाडून घ्या, वेल्ड करू नका. बोल्ट गोल डोक्याचा आणि चौकोनी मानेचा, डोकं समोर.

बोल्ट जरा लांब घेऊन साखळी प्लेटच्या पाठीमागे अडकवली की वजनामुळे वरची कड पुढे झुकते, तोंड जमिनीकडे होतं. तुकडे मातीत जातात. पंधरा-वीस अंशांचा हा कल म्हणजे अर्धी सुरक्षितता. त्याला खर्च काहीच नाही.

दूरची_नजर

वेल्डचं माहीत नव्हतं. माझ्या पहिल्या प्लेटला कडी वेल्ड केलेलीच होती. आता जाऊन बोट फिरवून बघतो.

पण जाडीचं काय? १० मिलिमीटर पुरे की नाही ते सांगा.

भट्टीवाला

लांब पल्ल्याला पुरे. शिवाय पातळ प्लेट जास्त हलते, ते लांबून दिसतं. साडेबारा मिलिमीटरची जड प्लेट १००० मीटरवर दमलेल्या गोळीने जेमतेम थरथरते. जवळच्या अंतरावर ती टिकते, हे तिचं खरं काम.

गडबड कुठे होते, तर लोक तीच १० मिलिमीटरची प्लेट शून्य जुळवायला (स्कोपचा नेम आणि गोळीचा मार एका जागी आणायला) १०० मीटरवर आणतात. गोळी आपटताना वेग सेकंदाला ९०० मीटरच्या पुढे गेला की एआर ५००लाही खड्डे पडायला लागतात. हलकी, वेगवान गोळी यात जड गोळीपेक्षा वाईट. स्पर्धेतल्या साडेसहा मिलिमीटरच्या काडतुसांचा वेग नळीच्या तोंडाशीच साधारण ८२०-८५० असतो, ती त्रास देत नाहीत. बारीक कॅलिबरची, जोरात जाणारी असतील तर प्लेट लांब सरकवा.

झुळूक

मी नवीन. पोलादी गाभ्याच्या गोळ्या प्लेटवर मारू नका असं ऐकलंय. ओळखायच्या कशा? आणि मी सध्या पॉइंट टू-टूनेच (०.२२ इंची लहान काडतुसाच्या रायफलनेच) १५० मीटरवर सराव करते, मलाही एआर ५०० लागेल का?

भट्टीवाला

ताई, चुंबक लावा. टोकाला चिकटला तर आत किंवा आवरणात पोलाद आहे. नुसतं आवरण पोलादाचं असलं तरी चिकटतो, पण शंका असली की प्लेटवर मारायचीच नाही. पॉइंट टू-टूला ६ मिलिमीटरची पुरे. पण घेताना कठीण पोलादाचीच घ्या, खड्ड्याची भानगड तिलाही आहे. चष्मा मात्र कुठल्याही कॅलिबरला. शेजारी उभ्या असलेल्यालाही.

कागदी_वाघ

इतकं सगळं वाचून एकच प्रश्न पडला: पोलाद हवंच कशाला?

एफ-क्लासवाले (झोपून, रायफल टेकूवर ठेवून खेळायची लांब पल्ल्याची स्पर्धा) १००० यार्डांवर कागदावर खेळतात. दहाचं वर्तुळ १० इंचाचं, आतला एक्स ५ इंचाचा. प्रत्येक गोळी कुठे लागली ते कळतं, बोटभर अंतरासकट. पोलाद फक्त हो किंवा नाही म्हणतं. धागाकर्त्याने मोठ्या प्लेटवर रंग मारून जे केलं, ते पोलादाला कागद बनवण्याचाच खटाटोप नाही का? त्यापेक्षा पुठ्ठा लावा, शेजारी टार्गेट कॅमेरा ठेवा. तो २८ किलोचा नसतो.

दूरची_नजर

हा मुद्दा आवडला नाही, पण बरोबर आहे. फक्त पुठ्ठ्यावरचं साडेसहा मिलिमीटरचं भोक ६०० मीटरवरून स्कोपमध्ये दिसत नाही. शिशाचा करडा शिंतोडा तळहाताएवढा पसरतो, तो दिसतो. कॅमेऱ्याची बॅटरी संपली की तुमचा वाघ खरंच कागदी. आणि स्पर्धेत आपला मार आपणच स्कोपमधून वाचायचा असतो, पडद्यावर नाही. ती सवय पोलादावरच लागते.

मेंढपाळ

सगळे टांगलेल्या प्लेटांवरच बोलताय. आमचाही पोलादी खेळ आहे, मेक्सिकोतून आलेला, मेटॅलिक सिल्हूट: प्राण्यांच्या आकाराच्या उभ्या पोलादी आकृत्या पाडायच्या. २०० मीटरवर कोंबडी, ३०० वर डुक्कर, ३८५ वर टर्की, ५०० वर मेंढा. सगळं उभं राहून, टेकू नाही. आणि ठण्ण वाजून उपयोग नाही, पाडलं तरच गुण.

मी एक वर्ष साध्या टांगलेल्या प्लेटवर ५०० मीटरचा सराव केला. वहीत आकडे छान होते. स्पर्धेत मेंढ्याच्या पायाशी गोळी लागली, ठण्ण वाजलं, मेंढा किंचित मागे सरकला आणि उभाच राहिला. माझ्याकडे बघत. पाठीत वर लागलेली गोळी त्याला सहज लोळवते, पायातली नाही. हे टांगलेली प्लेट कधी शिकवणार? त्यामुळे मी धागाकर्त्याच्या उलट जाईन: आकार, वजन, पायाची बैठक, सगळं स्पर्धेसारखंच हवं. निदान आमच्या खेळात.

नेमकीच

मेंढ्याचं चित्र डोळ्यांसमोर आलं, दोन मिनिटं हसत होते.

पण यातून धागाकर्त्याचा मुद्दा कापला जात नाही. पायात गोळी का गेली, हे कळायला परत मार दिसावाच लागतो. मेंढा सरकला म्हणून तुम्हाला कळलं. हुकलाच असता तर?

मेंढपाळ

हुकला असता तर मागच्या बांधाची धूळ बघितली असती. तुमचंच वाक्य.

ठणठणाट

मी गेल्या रविवारी धागाकर्त्याचा प्रयोग करून पाहिला. खुन्नस म्हणून. उधार आणलेली मोठी प्लेट, मध्ये वर्तुळ, ८०० मीटर. पहिल्या दहा गोळ्यांत कळलं की मी वारा कमी नाही, जास्त धरतो. हे मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तेवढं मान्य.

पण अकराव्या गोळीपासून मी सैलावलो, हेही लिहून ठेवतो. दोन गोळ्या नीट श्वास न धरता सुटल्या आणि तरीही वाजल्या. छोट्या प्लेटवर माझ्याकडून असं होत नाही. तेव्हा माझा तह असा: दिवसाची सुरुवात मोठीवर, दहा गोळ्या, वाऱ्याची चूक शोधायला. मग ती झाकून टाकायची आणि पुढचं सगळं लहान प्लेटवर.

दूरची_नजर

दहा नाही, वीस. वारा सकाळी एक आणि दुपारी एक असतो, दुपारी पुन्हा दहा लागतात.

ठणठणाट

पंधरा. त्यापुढे नाही.

दूरची_नजर

अवांतर: आत्ताच गॅरेजमध्ये जाऊन माझ्या जुन्या प्लेटच्या कडीभोवती बोट फिरवलं. खड्डे आहेत. चार स्पष्ट, एकात नख अडकतं. ती आजपासून बाद.

त्यामुळे पुढच्या रविवारी लहान प्लेट तुमची, मोठी माझी. शेजारी शेजारी टांगू. ढकलगाडी मी आणतो, पण ओढायची तुम्ही.

ठणठणाट

जाताना उतार आहे ना?

दूरची_नजर

जाताना आहे.