शब्दचर्चा : समेट, दिलजमाई, भरतभेट की नुसतं ‘मिटलं’?

बीडहून, विचारणा :
घरातल्या थोरल्यांच्या आठवणी मराठीत उतरवतोय आणि एका वाक्याशी अडलोय. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन होऊन हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्यानंतरच्या धास्तीत माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ कराचीला निघून गेले. आजोबा इथंच शेतीवर राहिले. काही वर्षांनी कराचीहून पत्र आलं, ‘माझा हिस्सा तू नावावर करून घेतलास.’ आजोबांना ते इतकं लागलं की त्यांनी उत्तरच पाठवलं नाही. पुढं १९६५ आणि १९७१ च्या लढाया झाल्या, अबोला लांबतच गेला.

१९७६ मध्ये समझौता एक्स्प्रेस सुरू झाली, त्यानंतर कधीतरी धाकटे आजोबा आले. व्हिसा फक्त बीडचा होता आणि आल्या आल्या पोलिसांत नोंद करावी लागली. औरंगाबादला बहिणीकडे जायची सोय नव्हती, म्हणून तीच बीडला आली. आजोबांनी ट्रंकेतून १९५४ च्या खासरा पत्रकाची, म्हणजे जमिनीच्या जुन्या सरकारी नोंदीची, नक्कल काढून भावापुढं ठेवली. धाकट्यांच्या हिश्श्यापुढं नाव होतं कस्टोडियनचं, म्हणजे अशी सोडून गेलेल्यांची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं. पाकिस्तानात गेलेल्यांची मालमत्ता १९५० च्या कायद्यानं सरकारजमा झाली, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी कागद दोनदा वाचला. रात्री दोघं एका ताटात जेवले.

याला काय म्हणू? ‘समेट झाला’ असं लिहिलं होतं, ते खोडलं.

परभणीहून :
खोडलंत ते बरं केलंत. समेटाला दोन पक्ष लागतात, मागण्या लागतात, बहुतेक वेळा मध्यस्थही लागतो. संपकरी आणि सरकार यांच्यात समेट होतो. ‘तडजोड’ तर इथं अजिबात नको. तडजोडीत दोघंही थोडंथोडं सोडतात. तुमच्या आजोबांकडे सोडण्यासारखं होतं काय? भांडण ज्या जमिनीवरून झालं, ती दोघांच्याही हातात नव्हती.

नांदेडहून :
‘भरतभेट’ लिहा. दोन भाऊ, इतक्या वर्षांनी. वाचणाऱ्याला लगेच कळेल.

अंबाजोगाईहून :
भरतभेटीला माझी हरकत आहे. राम आणि भरत यांच्यात वितुष्ट कधी नव्हतंच, नुसती ताटातूट होती. भरत राज्य परत द्यायला गेला होता, इथं धाकट्यांच्या मनात हिश्श्याची सल होती. भरतभेट म्हटलं की ती सल पुसली जाते आणि उरतो नुसता गहिवर. आजोबांनी ती नक्कल इतकी वर्षं जपून ठेवली, त्यालाही मग काही अर्थ राहत नाही.

माझं मत दिलजमाईला. शब्द फारसीतून आला. ‘खातरजमा’तला ‘जमा’ तोच हा. उर्दूत ‘दिलजमई से पढो’ म्हणतात, म्हणजे मन लावून, चित्त थाऱ्यावर ठेवून वाचा. मराठीनं तो शब्द दोन माणसांमध्ये नेला. आपल्याकडं दिलजमाई होते ती बिनसलेल्या दोघांची. पण जुना अर्थ अगदीच गेलेला नाही. विखुरलेलं मन ठिकाणावर येणं हे त्यात अजूनही ऐकू येतं. धाकट्यांच्या बाबतीत घडलं ते नेमकं हेच : कागद वाचून आधी त्यांची खातरजमा झाली, मग भावांची दिलजमाई. आणि तुमच्या घरात हा शब्द उर्दूतूनही ओळखीचा असणार, तेव्हा तो परका वाटायचा नाही.

लातूरहून :
‘मनोमिलन’ कृपा करून टाळा, तो शब्द पुढाऱ्यांच्या बातम्यांनी पार झिजवलाय. ‘सलोखा’ चांगला आहे, पण सलोखा राखतात, टिकवतात. एका रात्रीत घडलेल्या गोष्टीला तो पुरत नाही. शिवाय शेतजमिनीच्या ताब्याची अदलाबदल करायला सरकारनं ‘सलोखा योजना’ आणल्यापासून आमच्याकडं तो शब्द काढला की लोक आधी तलाठ्याचं नाव घेतात.

बीडहून, पुन्हा :
सगळ्यांचे आभार. आजी ही हकीकत सांगायची तेव्हा एवढंच म्हणायची, ‘त्या दिवशी त्यांचं मिटलं.’ ‘मिटलं’ मला सोडवत नाही. पण ताईंचं दिलजमाईबद्दलचं म्हणणं पटलं. असं लिहितोय : ‘खासरा पत्रक पाहिलं आणि जमिनीचा प्रश्न मिटला, भावाभावांची दिलजमाई झाली.’

अंबाजोगाईहून :
दादा, दुसरा भाग पक्का. पहिल्यात मात्र ‘प्रश्न मिटला’ नको, जमीन काही परत आली नाही. ‘धाकट्यांच्या मनातला किंतु गेला’ असं करा.

बीडहून :
केलं.