माळढोक, नान्नज आणि इंदिराबाई : श्रेय कुणाचं, किंमत कुणाची?

भीमाकाठ
नेहरू-गांधी घराण्याचा विषय निघाला की बोलणं थेट आणीबाणी आणि घराणेशाहीवर जातं. जाऊ दे, ते बोललंच पाहिजे, माझी ना नाही. पण या घरानं जंगलासाठी, पाखरांसाठी जे केलं त्याबद्दल आपल्या सोलापुरात तरी कुणी चार शब्द बोलत नाही आणि मला ते मनापासून खटकतं, कारण त्या कामाची एक फांदी आपल्या नान्नजच्या माळापर्यंत, म्हणजे माळढोक या मोठ्या पक्ष्याच्या अभयारण्यापर्यंत आलीय.

नेहरू डेहराडूनच्या तुरुंगात होते तेव्हा त्यांनी मुलीला सालिम अलींचं पक्ष्यांवरचं पुस्तक पाठवलं. तोवर आपण पाखरांकडं कधी नीट बघितलंच नव्हतं असं इंदिराबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय. पुढं १९५० ला दिल्लीत पक्षी बघणाऱ्यांची मंडळी जमली त्यात त्या सुरुवातीपासून होत्या, म्हणजे ही आवड पंतप्रधान होण्याच्या कितीतरी आधीची, फोटोपुरती नव्हे. आणि खुर्चीवर आल्यावर बघा, १९७० ला वाघाची शिकार बंद, १९७२ ला स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेला स्वतः गेल्या (यजमान स्वीडनचे पाल्मे सोडले तर तिथं आलेल्या त्या एकट्याच पंतप्रधान), त्याच वर्षी वन्यजीव कायदा, १९७३ ला व्याघ्र प्रकल्प आणि त्यात पहिल्या नऊ ठिकाणांत आपलं मेळघाट. नंतर केरळातल्या सायलेंट व्हॅलीचं धरण त्यांनी थांबवलं, राजीव गांधींनी १९८५ ला तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचं उद्घाटन केलं, १९८६ चा पर्यावरण कायदाही त्यांच्याच काळातला. घरातल्या दुसऱ्या सून मेनकाताईंचा पक्ष वेगळा झाला तरी प्राण्यांचं काम त्यांनी सोडलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की यात मतं मिळायची नव्हती, उलट जायचीच शक्यता होती. आतून ओढ असल्याशिवाय कुणी पुढारी हे करत नाही. तो १९७२ चा कायदा नसता तर नान्नजचं अभयारण्य कशाच्या जोरावर झालं असतं?

मोहोळकर_पाटील
दादा, तुमचं वाचून बरं वाटलं पण आमच्या बाजूनं पण बघा की जरा. ८४९६ चौरस किलोमीटर अभयारण्य! करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर आणि वर नगरकडचे कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. एवढ्या जागेत माणसं राहत नव्हती का? गावंच्या गावं, एसटी स्टँड, बाजार, शाळा सगळं कागदावर पाखराच्या नावानं गेलं आणि आम्हाला कुणी विचारलं पण नाही. माझ्या वडलांनी थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी रस्त्याकडचं दीड एकर विकायला काढलं होतं, घेणारा तयार, विसार दिलेला, आणि मग कळलं की हे अभयारण्यात येतंय, परवानगी लागंल. त्या परवानगीच्या मागं वडलांच्या चपला झिजल्या, गिऱ्हाईक विसार परत घेऊन गेलं, शेवटी लग्न सावकाराच्या पैशावर झालं. ज्या ऑफिसात ते जायचे तिथला साहेब नकाशा काढून दाखवायचा आणि म्हणायचा हे बघा तुमचं गाव रेघेच्या आत आहे. माळढोक आमच्या वडलांनी आयुष्यात बघितला नाही ओ, त्याची रेघ मात्र बघितली.

पुढं ती हद्द १२२२ चौरस किलोमीटरवर आणली, म्हणजे सात हजारांच्या वर क्षेत्र गाळलं. मग ते आधी घातलंच कशाला? तीस वर्षं आमची गेली ती कोण भरून देणार? दिल्लीत बसून पाखरं आवडणं सोपं आहे. तुम्ही श्रेय म्हणायलेत, मी किंमत म्हणायलोय.

जुनी_नोंद
दोघांनाही एक गोष्ट सांगतो. नान्नजचं अभयारण्य जाहीर झालं १९७९ ला. तेव्हा इंदिरा गांधी सत्तेत नव्हत्या. त्या वर्षी दिल्लीत आधी जनता पक्षाचं, मग चरणसिंगांचं सरकार आणि मुंबईत पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दल), मुख्यमंत्री शरद पवार. त्यामुळं थेट श्रेयही त्यांचं नाही आणि पाटील, तुमच्या वडलांच्या जमिनीवरची रेघही त्यांनी ओढलेली नाही.

कायद्याचं म्हणाल तर त्याचा मसुदा एम. के. रणजितसिंह या सनदी अधिकाऱ्यानं केला, व्याघ्र प्रकल्पाच्या आखणीत तेव्हाचे केंद्रीय मंत्री करणसिंह होते, तो प्रत्यक्ष चालवला कैलाश सांखलांनी. आणि ४२ वी घटनादुरुस्ती विसरू नका, १९७६ ची, ऐन आणीबाणीतली. विरोधी पक्षाचे लोक तुरुंगात असताना जंगल आणि वन्यप्राणी हा विषय राज्यांच्या यादीतून उचलून समवर्ती, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत टाकला. हेतू चांगला असेल, पण लोकांना न विचारता करण्याची सवय तिथंच दिसते आणि पाटलांची तक्रार त्याच सवयीबद्दल आहे. मेळघाटात कोरकू आदिवासींची गावं उठली त्याचंही मूळ हेच. जंगलात राहणाऱ्यांचा हक्क कायद्यात यायला २००६ उजाडलं.

भीमाकाठ
१९७९ चं बरोबर आहे, मान्य. पण पुलोदनं अभयारण्य केलं ते १९७२ च्या कायद्याखालीच ना? आणि त्याच ४२ व्या दुरुस्तीत कलम ४८-अ पण आलं, सरकारनं जंगल आणि वन्यप्राणी राखावेत म्हणून. पुढं जनता सरकारनं आणीबाणीतलं बरंच काही खोडून काढलं, हे कलम तसंच ठेवलं. म्हणजे विरोधकांनाही ते पटलं होतं. अधिकारी हुशार होतेच, पण वरून कुणी पाठीशी उभं राहिलं नाही तर असले मसुदे कपाटात पडून राहतात, हे सरकारी नोकरीत केस पांढरे झालेला कुणीही सांगंल.

रानपाखरू
मी लहानपणी माळढोक बघितलेली बाई आहे म्हणून लिहितीये. बाबा मला सायकलवर पुढं दांडीवर बसवून न्यायचे. पावसाळ्याच्या सुरुवातीची सकाळ, गवत गुडघ्याला लागायचं आणि लांब माळावर नर उभा. मीटरभर उंच, शेपूट पाठीवर उलटी टाकलेली, गळ्याची पांढरी पिशवी फुगून पार गुडघ्यापर्यंत लोंबायली आणि मधूनच तो हूम असा खोल आवाज, रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा. मादी आसपास कुठं दिसायची नाही, ती गवतात एकरूप.

आता मुद्द्याचं. माळढोक कुणा पंतप्रधानामुळं टिकला नाही आणि कुणाच्या रेघेमुळं पण नाही. ७२ च्या दुष्काळानंतर सरकारच्या अवर्षणप्रवण (दुष्काळी भागासाठीच्या) कार्यक्रमातून माळावर गवताचे प्लॉट राखले, चराई बंद ठेवली, म्हणून त्याला अंडं घालायला जागा मिळाली. वर्षाला साधारण एकच अंडं, ते पण उघड्या जमिनीवर, एक कुत्रं आलं की वर्ष गेलं. आणि प्लॉटच्या भोवती आपली कोरडवाहू शेती होती, ज्वारी, हरभरा, करडई. त्यात नाकतोडे, भुंगे, पाखराला खायला रग्गड. शेतकऱ्यानं कधी त्याला दगड मारला नाही, हे पाटलांच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे.

मग उजनी धरण झालं, पाणी आलं, ऊस आला, नान्नजच्या बाजूला द्राक्षं आली (सोनाका द्राक्ष नान्नजचंच, त्याचा मला अभिमान आहे). कुणी वाईट केलं नाही. पण उसात माळढोक उतरत नाही, त्याला चारी बाजूला लांबवर दिसावं लागतं. त्यात वरून विजेच्या तारा, त्याला समोरचं नीट दिसत नाही, अंग जड, वळता येत नाही, धडकतो. आणि इथं माझी त्या घराण्याबद्दलची तक्रार आहे. त्यांचं प्रेम झाडीवर होतं, वाघावर, सिंहावर, पाणपक्ष्यांवर. माळ कुणालाच दिसला नाही. सरकारदरबारी तो पडीकच राहिला. सालिम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोक सुचवला होता, १९६३ ला मोर झाला. तेव्हा पंतप्रधान नेहरूच होते. त्या वेळी माळढोक झाला असता तर नान्नजला पैसा आणि माणसं कमी पडली नसती असं मला खरंच वाटतं.

मोहोळकर_पाटील
ताई, दगड मारला नाही हे तुम्ही लिहिलं त्याबद्दल आभार. ते कुणी लिहीत नाही. पण कोरडवाहू म्हणजे काय असतंय ते पण सांगा की. ज्वारी परवडत नाही म्हणून ऊस लावला, हौस म्हणून नाही. माळढोकासाठी ज्वारी करा म्हणत असाल तर ज्वारीला उसासारखा हमखास पैसा द्या. मी उद्या चार एकर मालदांडी ज्वारी पेरतो.

जुनी_नोंद
हे मात्र पटलं. ८४९६ चौरस किलोमीटरवर बंदी घालण्यापेक्षा दोन-चार हजार एकर ज्वारीला पैसे देणं स्वस्त पडलं असतं.

भीमाकाठ
पाटील, तुमच्या वडलांचं वाचून वाईट वाटलं, आणि त्याची भरपाई व्हायला पाहिजे होती हे मी पण म्हणतो. तरी माझं मत बदललेलं नाही. आज देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक सगळे राजस्थानात. तिथं जैसलमेरजवळ सम इथं २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवायलेत, २०२४ ला तर कृत्रिम रेतनातून पिल्लू झालं. हे सगळं त्याच १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, माळढोकाचं नाव आहे म्हणून. उद्या त्यातली पिल्लं नान्नजला सोडायची म्हणली तर इथं गवत पाहिजे.

रानपाखरू
गवत आहे अजून. काळवीट आहेत, लांडगे आहेत, धाविक पक्षी आहे. पण प्लॉटमध्ये मध्येच झाडं लावायची मोहीम निघते, ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ, आणि लोक फोटो काढून जातात. माळावर झाडं लावू नका, एवढं जरी सोलापूरकरांनी ऐकलं तरी खूप आहे.

मोहोळकर_पाटील
पिल्लं आणा, आमची काही ना नाही. पण ह्या वेळी रेघ ओढायच्या आधी ग्रामसभा घ्या. मी येतो.