मदत हवी आहे : 'काट्याची टक्कर'मधला काटा कुठला? बाभळीचा की तराजूचा?

नमस्कार मंडळी,

मी परभणी जिल्ह्यातली. शाळांच्या कबड्डी, खो-खोच्या सामन्यांचं माईकवर समालोचन करते. गेल्या महिन्यात मुलींचा अंतिम सामना होता. शेवटची चढाई, गुण ३०-३०, समोर सातही जणी मैदानात. चढाईच्या पोरीनं पुढचा पाय बोनस रेषेपलीकडं टेकवला, पण त्या वेळी मागचा पाय उचललेला होता का नाही, यावर सगळं अडलं. पंचांनी गुण दिला. ३१-३०! मी माईकवर ओरडले, "काय काट्याची टक्कर झाली मंडळी!"

बक्षिसं वाटून झाल्यावर एका निवृत्त गुरुजींनी बाजूला बोलावलं. म्हणाले, "ताई, बोलता छान. पण ती हिंदीतली 'काँटे की टक्कर' झाली. आपल्याकडं अटीतटीचा सामना म्हणतात, चुरशीचा म्हणतात. काटा टोचतो, तो टक्कर कशी देईल?" गुरुजींबद्दल आदर आहे, म्हणूनच ते मनाला लागलं. आता हा शब्द ओठांवर आला की अडखळायला होतं.

पण हा काटा बाभळीचा नसावा असं मला फार वाटतं. माझे वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते. मी त्यांचा डबा घेऊन जायचे तेव्हा बघायचे : एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात तूर, आणि दांडीच्या मधोमध तो काटा. आधी इकडं झुकायचा, मग तिकडं, मग थरथरत मध्यावर यायचा. वडील ओंजळभर तूर टाकायचे, चिमूटभर काढायचे. शेतकरी, आडत्या, हमाल, सगळ्यांची नजर काट्यावर, तोंडातून शब्द नाही. कबड्डीच्या शेवटच्या मिनिटाला मैदानाभोवती अशीच शांतता असते.

म्हणून विचारते. एक, मराठीत हा शब्द चालेल का? दोन, अटीतटी, चुरस आणि काट्याची टक्कर यांत नेमका फरक काय? कुठला शब्द कुठं?

उदाहरणच घ्या. आपल्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांच्या शर्यतीत) केनियाच्या अब्राहम किबिवोटला ८ मिनिटं ११.१५ सेकंद लागले, अविनाशला ८ मिनिटं ११.२०. सेकंदाच्या पाच शतांशांनी सुवर्ण हुकलं. १९९४नंतर या शर्यतीत केनियाबाहेर एकही पदक गेलं नव्हतं. तिथं एका दुष्काळी तालुक्यातला पोरगा केनियाच्या धावपटूंना शेवटपर्यंत झुंजवतो! हे सांगताना आजही अंगावर काटा येतो (हा आणखी तिसरा काटा). तर ही शर्यत अटीतटीची म्हणायची, की काट्याची?

प्रतिसाद (नांदेडहून) :
ताई, तुमचा कयास मला पटतो. 'काटेकोर' आणि 'काटेतोल' हे शब्द आपल्याकडं जुने आहेत आणि दोन्हींत तराजूच डोळ्यांसमोर येतो. उसाच्या वजनात फसवणूक झाली की शेतकरी 'काटामारी' म्हणतोच की. शब्दांची जोडणी हिंदीतून आली असेल, पण काटा आपल्या घरचाच आहे. बिनधास्त वापरा.

फरकाचं म्हणाल तर चुरस दहा जणांतही असते. गावात सरपंचपदाला पाच उमेदवार उभे राहिले तरी चुरस. अटीतटीत हट्ट आहे, कुणी मागं हटायला तयार नाही. काट्याची टक्कर मात्र दोघांतच, कारण पारडी दोनच. २०१९च्या विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. इंग्लंड २४१, न्यूझीलंड २४१. सुपर ओव्हरमध्येही दोघांच्या १५-१५. शेवटी चौकार-षटकार मोजून, २६ विरुद्ध १७, निकाल लावावा लागला. याच्याइतकी काट्याची टक्कर मी तरी पाहिली नाही.

साबळेची शर्यत मी अटीतटीची म्हणेन. तो मागून आला आणि हटला नाही. फक्त शेवटचे काही मीटर काट्याचे.

प्रतिसाद (निलंग्याहून) :
कुस्तीतलं सांगतो. आमचा तालुका रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांचा, त्यामुळं जत्रेत नुसत्या नारळाच्या बक्षिसावरच्या कुस्तीलासुद्धा जाणती माणसं बसलेली असतात. दोन तुल्यबळ पैलवान पाऊण तास झुंजले आणि पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली, तरी ती काट्याचीच. चितपट व्हायलाच पाहिजे असं नाही. पण पहिल्या मिनिटाला एकलंगी डाव लागून पाठ टेकली, तर जोड कितीही नावाजलेली असो, तिला काट्याची म्हणू नका. समालोचक लोक तिथंच चुकतात.

धागाकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. बरोबरीत सुटलेली कुस्तीही काट्याची असते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी निकाल लागल्यावरच हा शब्द वापरत होते. खरं तर तो काटा हलत असतानाच वापरायला हवा.

पुढच्या आठवड्यात जिल्ह्याचे सामने आहेत. गुण बरोबरीत असताना असं बोलायचं ठरवलंय : "दोन्ही पारडी समान, काटा मध्यावर, आणि चढाईला निघालीय सात नंबर!" गुरुजीही येणार आहेत, तेव्हा वाक्यात काही खटकत असेल तर त्याआधी सांगा.